पुट्टीखालचं भोक

माझ्या लाल रंगाला भुलू नका. तो रंग खोटा आहे. मी एक हवेचा कंप्रेसर आहे आणि माझी टाकी आतून सडलेली आहे, हे आधीच सांगून टाकतो. आधी गोड बोलायचं आणि खरं काय ते शेवटी पुटपुटायचं, ही माणसांची रीत. मला ती जमत नाही.

बसवकल्याणहून हुमनाबादच्या रस्त्याला लागलं की गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणारी पाच-सहा गॅरेजं एका रांगेत दिसतात. त्यातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये माझी अकरा वर्षं गेली. माझ्या डोक्यावर मोटर, पट्टा, एक मोठं चाक आणि दोन सिलिंडर आहेत. खाली आडवी लोखंडी टाकी आहे, तेच माझं पोट. बाहेरची हवा मी ओढतो, दाबतो आणि पोटात कोंडून ठेवतो. तिथून ती भिंतीवरच्या पाइपातून रंगाच्या गनपर्यंत जाते. गनमधून रंगाचा बारीक फवारा उडतो आणि ठोकर खाल्लेली गाडी पुन्हा नवी दिसायला लागते.

माझा जन्म कोइमतूरकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे माझ्या टाकीत काठोकाठ पाणी भरून, कामाच्या दीडपट दाब देऊन चाचणी घेतली होती. एक माणूस हातात टॉर्च घेऊन प्रत्येक जोडावरून बोट फिरवत होता. कुठे थेंब दिसतो का, ते बघत होता. दिसला नाही, तेव्हा त्यानं माझ्या अंगावर पत्र्याची पट्टी ठोकली. तिच्यावर लिहिलं होतं की मी किती दाब सहन करू शकतो. इतक्या काळजीनं पुढे मला कुणी हात लावला नाही.

माझ्याबरोबर एक पुस्तिका दिली होती. पहिल्याच पानावर जाड अक्षरात एक सूचना होती: रोज काम संपलं की टाकीतलं पाणी काढा. एवढंच. एका मिनिटाचं काम.

त्या पुस्तिकेचं काय झालं ते ऐका. गाडीला रंग मारताना काचेवर रंग उडू नये म्हणून कागद चिकटवतात. मी आलो त्याच आठवड्यात गॅरेजमधले जुने पेपर संपले. मग माझ्या पुस्तिकेची पानं फाडून एका जीपच्या काचेवर लावली. रोज पाणी काढा, हे वाक्य माझ्या डोळ्यांदेखत पांढऱ्या रंगाखाली गेलं. मग तो कागद चुरगळून कोपऱ्यात पडला. कुणी वाचला नाही. वाचायचा असतो, हेच कुणाला सुचलं नाही.

आता तुम्ही विचाराल, हवेच्या टाकीत पाणी कुठून येतं? हवेत ओल असतेच. हवा दाबली की तापते, टाकीत जाऊन थंड होते, आणि तिच्यातली ओल पाणी होऊन तळाला बसते. पावसाळ्यात जास्त, उन्हाळ्यात कमी, पण रोज. त्यात सिलिंडरमधलं तेल मिसळतं, आतला गंज मिसळतो. कुजलेल्या चिखलासारखा, तपकिरी, बुळबुळीत लगदा होतो. तो बाहेर सोडायला माझ्या पोटाखाली बोटाएवढा नळ आहे. तो उघडायला गुडघे टेकून वाकावं लागतं. अकरा वर्षांत कुणी वाकलं नाही. माझं पोट मलाच ओकारी आणायचं, पण मला ओकताही येत नव्हतं.

आणि पूजा? ती मात्र एक वर्षही चुकली नाही.

आमचे मालक लिंगराज अण्णा. मनानं वाईट नाहीत, हे मलाही कबूल आहे. दुष्ट माणसाचा राग तरी करता येतो. चांगल्या माणसाच्या आळसाचं काय करायचं? दरवर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी आयुधपूजेला ते मला लाल ऑइल पेंटचा नवा हात मारून घेत. गेल्या वर्षीच्या रंगावर या वर्षीचा रंग. माझी पत्र्याची पट्टी दुसऱ्या वर्षीच त्याखाली गाडली गेली. चौथ्या वर्षी दाब दाखवणाऱ्या काट्याची काचही लाल झाली. मग पोटावर विभूतीचे तीन पट्टे, झेंडूची माळ, नारळ, पुढे कोहळा. अण्णांच्या घरच्या चंद्रम्मा मला डोळे मिटून हात जोडायच्या. त्या खरोखर मनापासून जोडायच्या, म्हणून मला आणखीच चीड यायची.

बसवकल्याण म्हणजे काम हीच पूजा, असं शिकवणाऱ्या संतांचं गाव. आठशे-नऊशे वर्षांपूर्वी इथे लोकांनी हे जगून दाखवलं म्हणतात. आता त्याच गावात कामाऐवजी पूजा चालते.

एका वर्षी ऐन आरतीत माझा सेफ्टी व्हॉल्व्ह सुटला. टाकीत दाब फार झाला की तो आपोआप उघडतो आणि जास्तीची हवा बाहेर टाकतो. त्याचं कामच ते. फुस्स करून हवा सुटली आणि ताटातलं कुंकू, विभूती, फुलं, सगळं अण्णांच्या नव्या पांढऱ्या शर्टावर जाऊन बसलं.

"अण्णा, मशीनीनंच तुमची पूजा केली बगा!" कुणीतरी म्हणालं. सगळी रांग हसली.

अण्णा हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो व्हॉल्व्ह काढायला लावला आणि त्या जागी बोल्ट आवळून टाकला. माझा ओरडण्याचा एकच रस्ता होता. तो एका शर्टापायी बंद झाला.

आता गुंडेरावांबद्दल सांगतो. गुंडेराव आमचे पेंटर. हळ्ळीखेडचे. वय अठ्ठावन्न, अंग काटकुळं, नखांच्या कडांना कायमचा रंग. तीस वर्षं गाड्या रंगवतायत. त्यांच्या हातासारखा हात मी दुसरा बघितला नाही. चेपलेला दरवाजा ते आधी डोळे मिटून तळव्यानं चाचपायचे. मग पुट्टी कालवायची, पातळ थर लावायचा, वाळला की पाणीपेपर, म्हणजे पाण्यात भिजवलेला पॉलिशपेपर, घासायचा, पुन्हा तळवा फिरवायचा. शेवटी गाडीच्या मालकालाही आठवायचं नाही की मार नेमका कुठे बसला होता. दुखापत लपवणं ही त्यांची विद्या होती. ती गाडीपुरती ठीक आहे. गाडीच्या दाराच्या पोटात कुणी हवा कोंडून ठेवत नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या पोटाच्या एका बाजूला, तळाकडे, सुईच्या टोकाएवढं भोक पडलं. आतल्या पाण्यानं लोखंड खाऊन खाऊन पडलं. तिथून बारीक शिट्टी वाजायला लागली आणि भिंतीवर तपकिरी रेघ उमटली. मला वाटलं, आता तरी कळेल. एवढंसं भोक कशानं पडलं, याचा कुणी तरी विचार करेल. बाहेर सुईएवढं दिसतं तेव्हा आतून तळहाताएवढं लोखंड पातळ झालेलं असतं.

अण्णांनी गुंडेरावांना बोलावलं. "गुंडेराव, ही शिट्टी बंद करा की. तुमी अख्खा दरवाजा झाकताव. हे तर टाचणीचं टोक हाय."

गुंडेराव उकिडवे बसून बघत राहिले. "अण्णा, ही टाकी हाय. पत्रा न्हाई."

"लोखंड ते लोखंडच की हो! हात मारा. गाड्या उभ्या हायत."

आणि त्यांनी हात मारला. ही चूक दुसऱ्या कुठल्या धंद्यातल्या माणसानं केली नसती. शेतकऱ्यानं माझ्यावर टायरची पट्टी बांधली असती, लोहारानं मला उचलून फेकून दिलं असतं. पण ज्यांचं अख्खं आयुष्य मार लपवण्यात गेलं, त्यांना माझं भोकही लपवावंसं वाटलं. गुंडेरावांनी माझं पोट घासून लखलखीत केलं. घट्ट होणारा लेप कालवून भोक बुजवलं. वर काचेच्या धाग्याची जाळी बसवली. मग पुट्टीचे चार थर, पाणीपेपर, प्रायमर, लाल रंग. काम इतकं सुंदर झालं की मलाही क्षणभर आपण नवे आहोत असं वाटलं. त्या सुंदरपणाची मला आजही किळस येते.

शिट्टी बंद झाली. अण्णा खूश झाले. आतलं पाणी तसंच राहिलं.

आता यातली सगळ्यात वाईट गोष्ट. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पत्र्याची शेड म्हणजे भट्टी. माझं मोठं चाक फिरलं की त्याच्या आऱ्यांचा वारा बाजूला लागतो. म्हणून गुंडेराव दुपारी भाकरी खायला माझ्याजवळ बसायचे. टाकीला पाठ टेकून. नेमकी तीच जागा. त्यांच्या सदऱ्यानं घासून घासून तिथला रंग चकचकीत झाला होता. रोज दुपारी त्यांचा पाठीचा कणा आणि माझ्या पोटातली कोंडलेली हवा यांच्यामध्ये त्यांचीच पुट्टी असायची. ते कांदा फोडायचे, घरून बायकोनं, शोभाबाईंनी, दिलेली शेंगाचटणी भाकरीला लावायचे, आणि मी मनात म्हणायचो, उठा. गुंडेराव, उठा तिथून. पण मला बोलता येत नव्हतं आणि व्हॉल्व्हच्या जागी बोल्ट होता.

या वर्षी भादव्यात शंकरप्पा मास्तरांची पांढरी गाडी आली. सोयाबीनच्या ट्रॉलीनं बोनेट चेपलं होतं. गुंडेरावांनी मन लावून काम केलं. संध्याकाळी बोनेट आरशासारखं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर बारीक बारीक फोड आले होते.

मास्तर बघत राहिले. "गुंडेराव, गाडीला देवी आली काय हो?"

गुंडेरावांनी सगळं खरवडून पुन्हा रंग मारला. पुन्हा फोड. तिसऱ्यांदा मारला. तिसऱ्यांदाही फोड. ते माझं पाणी होतं. माझ्या पोटातली घाण हवेबरोबर पाइपातून जात होती आणि रंगात थेंब थेंब बसत होती. पण पाइपाला कुणी दोष देत नाही. माणसाला देतात.

अण्णा सगळ्यांसमोर म्हणाले, "हात थरथरायलाय तुमचा. वय झालं आता."

"हात हाय तसाच हाय, अण्णा. एकदा हवा बगा."

"हवेत काय बगायचं? हवा दिसती व्हय?" मग जरा खालच्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "उमरग्याला एक पेंटर हाय. दसरा झाला की त्याला बोलवायलोय. तुमी जरा इसावा घ्या."

 गुंडेरावांनी दोन्ही हात समोर धरले आणि बघितले. कितीतरी वेळ बघत होते. मी एवढा मोठा लोखंडाचा गोळा, पण त्या वेळी मला वितळून जावंसं वाटलं. तीस वर्षांच्या हाताला माझ्या तुंबलेल्या पोटापायी डाग लागला होता.

मग त्यांनी एक गोष्ट केली. गन काढून नुसत्या नळीच्या तोंडावर तळवा धरला. हवा सोडली. तळवा ओला झाला. वास घेतला, तोंड वाकडं केलं. त्याच दिवशी त्यांनी मैत्रेयीला फोन लावून सगळं सांगितलं.

मैत्रेयी त्यांच्याच गावची. बीदरला डिप्लोमा केला, पुण्याकडच्या एका कारखान्यात दोन वर्षं कंप्रेसरवर काम केलं, आणि आता स्कूटीवर पाने-हातोड्याची पिशवी टाकून बीदरपासून आळंदपर्यंतच्या गॅरेजमधले कंप्रेसर आणि हवेच्या लाइनी दुरुस्त करत फिरते. आयुधपूजेला तीन दिवस होते तेव्हा ती आली.

अण्णांनी तिच्या मागे रस्त्याकडे बघितलं. "मॅडम, मिस्त्री मागून यायलाय का?"

"मिस्त्री पुढंच आलीय, अण्णा. मशीन बंद करा."

"बंद कामून? सात गाड्या उभ्या हायत."

"चालू मशीनीच्या पोटात हात घालू का? तुमीच घालून दावा, मग मी घालते."

आजूबाजूचे हसले. अण्णांनी मान हलवून बटण बंद केलं. तिनं मेन स्विचही खाली ओढला. मग ती जमिनीवर पोटावर पालथी झोपली आणि माझ्या खालच्या नळाला हात घातला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. नळ गंजून घट्ट बसला होता. तिनं तेल सोडलं, पाना लावला, थांबली, पुन्हा लावला. मग तो कुरकुरला आणि सुटला.

आधी तुंबलेला नळ नुसता फुसफुसला, मग घाण आली. सगळी, न थांबता. काळी-तपकिरी, तेलकट, तार सुटलेली. एक बादली भरली, दुसरी भरली. शेडमध्ये असा वास सुटला की अण्णांनी उपरण्यानं नाक धरलं. तीन-चार माणसं बाहेर पळाली. मला शरम वाटली नाही. मला वाटलं, बघा. अकरा वर्षं ज्याला हार घातलेत त्याच्या पोटात हे होतं. हळदीकुंकवानं हे धुतलं जात नाही.

"अयाई," मैत्रेयी नाकाला बाही लावून म्हणाली. "ही हवा तुमी गाडीवर मारायलाव?"

भिंतीवरच्या पाइपात कोंडून राहिलेली हवा तिनं नळीतून एका कोऱ्या कागदावर सोडली. कागदावर तपकिरी ठिपके उठले. तो कागद तिनं अण्णांच्या हातात दिला. "आता दिसली का हवा?"

अण्णांनी कागद उलटा करून बघितला.

"काकांचा हात थरथरत न्हाई," ती म्हणाली. "ह्याचं पोट कुजलंय."

गुंडेराव दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. त्यांनी डोळे पुसले. रंगाचा हात असल्यामुळे गालावर पांढरा पट्टा उठला, पण कुणी हसलं नाही. त्यांचं नाव त्यांना परत मिळालं होतं. मला वाटलं, इथेच संपावं. गोष्ट इथे संपली असती तर सगळ्यांनाच बरं वाटलं असतं.

पण मैत्रेयी काम अर्धवट सोडणारी नव्हती. तिनं पाना लावून पाइपाचे सगळे जोड तपासले. मग व्हॉल्व्हच्या जागचा बोल्ट बघितला आणि अण्णांकडे असं बघितलं की अण्णांनी मान वळवली. शेवटी ती माझ्या पोटाशी बसली. हातोडीनं हळूहळू ठोकत गेली. ठण, ठण, ठण. आणि एका जागी, थप.

तिनं खिशातून लोहचुंबक काढलं. जुनी गाडी घेणारे लोक पुट्टी कुठे आहे ते असंच शोधतात, तुम्हाला ठाऊक असेल. चुंबक माझ्या पोटाला चिकटलं, ती सरकवत गेली, आणि त्या चकचकीत जागी ते सुटून जमिनीवर पडलं.

शेडमधल्या प्रत्येकाला चुंबक पडण्याचा अर्थ कळत होता. आयुष्यभर ते हेच चुंबक चुकवत आले होते.

"हिथं पुट्टी कुणी लावली?" मैत्रेयीनं विचारलं.

 अण्णा घाईनं म्हणाले, "आलंय तसंच हाय. कंपनीनंच लावली असंल."

केवढं खोटं! मला त्या कारखान्यातला टॉर्चवाला माणूस आठवला आणि संताप आला. मी गुंडेरावांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. पाच मिनिटांपूर्वीच त्यांचं नाव धुऊन निघालं होतं. आता खरं बोलले तर तेच नाव पुन्हा मातीत. गप्प बसले तर कुणालाच कधी कळणार नव्हतं. अण्णा तर सांगणारच नव्हते.

मैत्रेयीनं त्या चकाकीवर बोट फिरवलं. "आणि हिथं कोण बसतंय? रंग घासलाय पाठीनं."

"मी बसतोय," गुंडेराव हळू आवाजात म्हणाले.

"पाठ टेकून?"

"व्हय. वारा लागतोय."

 पिशवीतून खडू काढून तिनं त्या जागेभोवती मोठा गोल काढला. "काका, ही टाकी हिथनंच फुटणार. आज का उद्या, मला ठाव न्हाई. फुटली तर तुमची पाठ शिल्लक राहायची न्हाई. अण्णा, टाकी बाद झाली. नवी आणल्याबिगर मशीन चालवू नका."

अण्णांनी घाम पुसला. "बरं, बरं. आमेले नोडोण." म्हणजे नंतर बघू. आमच्या भागातला कन्नड मंत्र आहे हा, नारळापेक्षा जास्त वेळा फुटतो. "पूजा होऊ द्या. तीन दिवसांनी काय मोठं होतंय? अकरा वर्षं चाललंय ते." मग ते गुंडेरावांकडे वळले. "तो खडू पुसा, गुंडेराव. आणि ह्या वर्षीचा लाल हात मारून घ्या."

गुंडेराव चौकटीपासून पुढे आले. भिंतीवरचा फडका घेतला. मला इतकी घृणा वाटली की सांगता येत नाही. अण्णांची नव्हे, गुंडेरावांची. मी मनात म्हणालो, जा, पुसा. तुमची विद्याच ती आहे.

त्यांनी फडक्यानं फक्त आपले हात पुसले. कोपऱ्यातून विजेवरचा ग्राइंडर आणला. मेन स्विच वर ओढला, गॉगल चढवला, आणि माझ्या पोटाशी बसून त्यांनी आपलीच पुट्टी उडवायला सुरुवात केली. पांढरी धूळ उठली. चार थर, जाळी, लेप, सगळं. दोन वर्षांपूर्वीचं त्यांचं सगळ्यात सुंदर काम त्यांनी दोन मिनिटांत भुगा करून टाकलं. अण्णा ओरडत होते, ग्राइंडरपुढे ऐकू येत नव्हतं.

मग त्यांनी ग्राइंडर बंद केला आणि भोकावर अंगठा ठेवून दाबला. नुसता अंगठा. लोखंड पापडासारखं मोडलं आणि अंगठा आत गेला.

बघणारे दोन पावलं मागे सरकले.

"हे कंपनीनं न्हाई केलं," गुंडेराव म्हणाले. त्यांचा आवाज मात्र आता खरंच थरथरत होता. "मी केलं. माझ्या ह्या हातानं. ठाव असून केलं. अण्णा, ह्या भोकावर माझी पाठ होती. तुमी कधी बसलाव असतं तर तुमची असती. चंद्रम्मा अक्का हात जोडायला वाकतात, तर त्यांचं तोंड असतं."

 अण्णा बाहेर जाऊन प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले.

त्याला आज दोन दिवस झाले. मला शेडच्या मागे बाभळीखाली ओढून टाकलंय. शेजारच्या गॅरेजमधून लांब नळी आणून काम चाललंय. मास्तरांची गाडी चौथ्यांदा रंगवली, फोड आले नाहीत. उद्या आयुधपूजा आहे. यंदा मला कुणी लाल रंग लावलेला नाही. एवढं बरं मला अकरा वर्षांत वाटलं नव्हतं.

पण माणसं सुखानं मरूही देत नाहीत. आज सकाळी कमलनगरकडचा एक गॅरेजवाला आला. माझ्याभोवती फिरला, भोकात बोट घालून बघितलं आणि म्हणाला, "एवढंच व्हय? लिंगराज अण्णा, मी घेऊन जातो ही टाकी. गुंडेराव, एक हात मारून द्या की. तुमच्यासारखा हात कुणाचाच न्हाई."

एवढंच व्हय! अंगठा आत गेलेल्या भोकाला एवढंच! मला वाटलं, माणसाच्या जातीला सांगून काही उपयोग नाही.

गुंडेरावांनी त्याच्याकडे शांतपणे बघितलं. "ह्याच्याजवळ कामाला कोण असतंय तुमच्याकडं?"

"हायत की माणसं. दोघं-तिघं."

"नावं काय त्यांची?"

तो माणूस अडखळला. "एक तो... काय बरं... नवाच लागलाय."

"नावं आठवा," गुंडेराव म्हणाले, "मग हात मारतो."

त्याला आठवली नाहीत. तो अण्णांकडे बघून हसला, अण्णांनीही हसावं म्हणून. अण्णा हसले नाहीत. खाली बघत त्यांनी खुर्ची मागे सरकवली, शेडमधून गॅस कटर ओढत आणला आणि गुंडेरावांच्या पायाशी ठेवला.  माझ्याकडे मात्र बघितलं नाही.

आता गुंडेराव कटर पेटवतायत. निळी ज्योत बारीक करतायत. त्यांनी खडूनं माझ्या पोटावर रेघ मारली आहे. सवयच ती, पट्टी धरून अगदी सरळ मारली.

गुंडेराव, एक मागणं आहे. ऐकू येणार नाही तुम्हाला, तरी मागतो. ती रेघ पुसा. सरळ कापलेले दोन तुकडे उद्या कुणीतरी जोडेल, वर पुट्टी लावेल, लाल रंग मारेल, आणि ज्याचं नाव मालकाला ठाऊक नाही असा एखादा माणूस त्याला पाठ टेकून भाकरी खाईल. मला वेडंवाकडं कापा. ओबडधोबड कापा. तीस वर्षांत एकही वाईट काम केलं नाहीत तुम्ही. आज माझ्यावर एक करा.